आखितीच्या दुपारी जपानी पिच्चर

आमच्या घरात आखितीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, दुपार माझी असते. असायची, असं आता लिहायला पाहिजे, पण हाताला अजून सवय नाही.

सकाळी करा-केळीची, म्हणजे पाण्यानं भरलेल्या मातीच्या घड्यांची, पूजा होते, पितरांना पाणी पोचतं, आणि मग आम्हा जिवंत माणसांची आमरसाची पंगत बसते. गावी, धावड्याला, मोठ्या भावाच्या घरी सगळे जमतात. जेवणं झाली की मागच्या पत्र्याच्या खोलीत कूलर लावायचा, सतरंज्या टाकायच्या आणि आडवं व्हायचं. रसानं जड झालेल्या माणसाला कुठं पळून जाता येत नाही, हे ओळखून मी त्याच वेळी गोष्ट सुरू करत आलो. कुणी मला तसं नेमलेलं नव्हतं. गावाकडच्या पडीक जमिनीवर एखाद्यानं आधी बकऱ्या बांधाव्यात, मग गोठा घालावा आणि शेवटी ती आपलीच म्हणून सांगावं, तशी ती दुपार माझी झाली.

गोष्टीला आमच्याकडे एक हुंकार देणारा लागतो. सांगणाऱ्यानं एक वाक्य सांगितलं की त्यानं 'हूं' म्हणायचं. हूं आला की गोष्ट पुढं जाते. हूं थांबला की समजायचं, ऐकणाऱ्याचं मन उठून गेलं, आता तोंड मिटावं. हा मान लहानसहान नाही. माझा हुंकार माझी भाची द्यायची. बोबडं बोलायची तेव्हापासून देत आली. तिच्याकडे हूंचे नाना प्रकार होते. घाबरलेला हूं, संशयाचा हूं, 'हे मागच्या वर्षी वेगळं सांगितलं होतं' असा हूं. मी वाकडा गेलो की तिच्या हूंवरूनच मला कळायचं आणि मी राजाला जल्दी जल्दी परत वाटेवर आणायचो.

यंदा ती अकरावीला गेलेली. हात धुता धुता मला म्हणाली, "मामा, औंदा गोष्ट नको. पिच्चर बघू."

"कसला पिच्चर?"

"जपानी. चित्रांचा. हिंदीत केलेलाय, सगळ्यांना समजंल."

"म्हंजे कार्टून."

"कार्टून न्हाई म्हणायचं त्याला."

"मंग काय म्हणायचं, पुराण?"

माझी बायको वहिनींबरोबर पातेली आवरत होती. ती तिथूनच म्हणाली, "बघा की. दरसाली तोच राजा आन त्याच तीन राण्या. त्या राण्या बी कटाळल्या आसतील."

इथं माझ्या पोटापाण्याबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर बायकोचे पुढचे टोमणे कळणार नाहीत. मी जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत आहे आणि बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर लिहितो. कोणत्या जमिनीत पेरावं, दोन ओळींत अंतर किती ठेवावं, पाणी कधी द्यावं. पिशवीवर काही अर्धवट ठेवून चालत नाही. त्यामुळे की काय, माझ्या गोष्टीतही सगळं नीट सांगितलेलं असतं. दुष्ट माणूस दुष्ट का झाला, त्याचं पुढं काय झालं, आणि आपण यातून काय घ्यायचं. बायको म्हणते, यांच्या गोष्टीच्या मागच्या बाजूला सूचना छापलेल्या असतात.

मी भाचीला म्हणालो, "दुपार माझी हे. पिच्चर संध्याकाळी बघा."

"तुमच्याच नियमानं ठरवू," ती म्हणाली. "पिच्चरला कुणी हूं दिला तर दुपार इथून पुढं आमची. न्हाई दिला तर तुमची. मंग तुम्ही म्हणाल तोवर मी हूं देईन."

मी मोठ्यानं हसलो. पिच्चरला कोण हूं देतं? हूं द्यायला समोर सांगणारा माणूस लागतो, घाम येणारा, घोट घोट पाणी पिणारा. भिंतीवरच्या टीव्हीला हूं देणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. मी बिनघोर कबूल केलं. कबूल करताना मी मुद्दाम लोडाला टेकलो, म्हणजे हरणाऱ्या पक्षाला माझी बेफिकिरी दिसावी.

पेनड्राइव्ह लागला. मोठा भाऊ उंबऱ्याजवळ भिंतीला पाठ लावून बसला. त्याची पाच वर्षांची नात माझ्या मांडीवर येऊन बसली. ती मला 'जालन्याचे आबा' म्हणते. पिच्चर सुरू झाला.

एका डोंगरातलं गाव. एके दिवशी सकाळी गावची नदी उठते आणि निघून जाते. उठते म्हणजे खरोखरच उठते. अंगावरची गोधडी सारावी तसा काठ सारते, मासे ओच्यात गोळा करते आणि डोंगरापलीकडे जाते. गावातली एक पोरगी डोक्यावर घागर घेऊन तिला परत आणायला निघते.

भाऊ म्हणाला, "आपली बी गेलीय की. कुणी काढला का पिच्चर?"

"मोठे मामा, बघा ना," भाची म्हणाली.

"बघूनच राह्यलो. मी काय म्हणालो?"

त्या पोरीचे केस निळे होते. आता हे का, ते कुणी सांगितलं नाही. तिच्या आईचे काळे, बापाचे काळे, गावात कुणाचेच निळे नाहीत. डोळे एवढे मोठे की नाकाला जागाच उरलेली नाही, दोन ठिपके देऊन नाकाची बोळवण केलेली. रडायला लागली की लिंबाएवढे अश्रू. मी म्हणालो, एवढं पाणी डोळ्यातून काढती तर नदी कशाला पाहिजे, घरच्या घरीच हौद भरंल. कुणी हसलं नाही. मांडीवरची नात तेवढी हसली, पण ती माझ्या पोटाच्या हलण्याला हसली असावी.

पोरीला वाटेत एक बगळा भेटतो. त्याला एकच पाय. त्या पायात लाकडी खडाव, आणि दुसरा खडाव त्यानं पंखाखाली धरलेला.

"दुसरा पाय कुठंय त्याचा?" मी विचारलं.

"माहीत न्हाई," भाची म्हणाली.

"तू तर पिच्चर आधी पाह्यलाय."

"शेवटपर्यंत सांगत न्हाईत ते."

मी लोडावरून उठून बसलो. खडाव दाखवायचा आणि पाय दाखवायचा नाही, हा कुठला न्याय? माझ्या गोष्टीत एखादा लंगडा आला तर तो लंगडा कसा झाला हे सांगितल्याशिवाय मी त्याला पाऊल उचलू देत नाही. आणि हा बगळा बोलायला लागला तर आवाज बातम्या देणाऱ्या माणसाचा. हिंदीत करणाऱ्यांनी एकाच बाईला पोरीचा, तिच्या आईचा आणि एका म्हाताऱ्या कासवाचा आवाज काढायला लावलेला, त्यामुळे पोरगी कासवाशी बोलू लागली की बाई एकटीच बडबडतेय असं वाटायचं.

पुढं मातीचा राक्षस आला, त्याच्या पोटात अख्खं गाव होतं. छत्री घेतलेला मासा आला. पळीनं पाऊस विकणारी आंधळी बाई आली. सगळे आले, आपापलं नाव सांगून गेले, आणि पुन्हा दिसले नाहीत. लग्नातले दूरचे पाहुणे असे येतात. पाकीट देतात, फोटो काढतात, आणि ते कुणाकडचे होते हे दोन्हीकडच्यांना कळत नाही.

नियमांचं तर विचारूच नका. आधी ती आंधळी बाई बजावून सांगते की नदीला माणसाचा आवाज ऐकू जात नाही. आम्ही ते मान्य केलं. मग कळतं, शीळ ऐकू जाते. तेही मान्य केलं. पुढं एका कड्यावर पोरगी नुसती हाका मारते आणि लांब कुठंतरी पाणी खळखळतं. मी पिशवीवर वर 'खोल पेरा' आणि खाली 'उथळ पेरा' लिहिलं असतं तर शेतकऱ्यांनी पिशवी माझ्या तोंडावर फेकली असती. यांच्या तोंडावर मात्र लोक टाळ्या फेकतात.

"अहो, जरा गप बसता का?" बायको म्हणाली. "एवढं तर बगळा बी बोलत न्हाई."

मध्येच आभाळातून एक उडतं जहाज आलं. कुणाचं, कशासाठी, देव जाणे. त्यातून शिपाई उतरले, तलवारी निघाल्या, आगीचे लोळ, ढोल, गाणं. नदीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. भजन रंगात आलं असताना बाहेरून डीजेची वरात जावी तसं ते जहाज आलं आणि आमचे कान फोडून गेलं. मोठा भाऊ तेवढ्या वेळात झोपून घेऊन उठला. "संपलं का भांडण?" त्यानं विचारलं. पिच्चरवर याहून नेमकी टीका मी आजवर वाचलेली नाही.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर भाची वाचेल आणि म्हणेल, मामानं लबाडी केली. त्या पिच्चरमध्ये एक ठिकाण भात शिजण्याचं होतं. आंधळी बाई झाकण काढते आणि वाफ वर जाते, एवढंच. पण ती वाफ अशी काढली होती की वहिनी भांडी सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं बाई, भात बघ कसा मोकळा झालाय," त्या म्हणाल्या. "कोणता तांदूळ आसंल गं?"

"वैनी, चित्र हे ते," मी म्हणालो.

"मला माहीत हे, भावजी. चित्रात का होईना, मोकळा झाला ना? तुमच्या गोष्टीतल्या राण्या तर कधी चूल पेटवत न्हाईत."

आणखी एक. पोरगी चालता चालता थांबते, चप्पल काढते, त्यातली वाळू झाडते, पुन्हा घालते आणि चालू लागते. हे कशाला दाखवलं, मला कळलं नाही. गोष्ट त्यानं तसूभर पुढं गेली नाही. पण ते चालू असताना माझ्या मांडीवरच्या नातीनं आपल्या तळपायावर हात फिरवून पाहिला, हे मी पाहिलं. पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, कारण मी विरोधी पक्षात होतो.

शेवटी पोरगी मिठाच्या राणीच्या महालात पोचते. राणी पांढरी, तिचा महाल पांढरा, आणि सगळ्यांना वाटत असतं की नदी हिनंच प्यायली. राणी उंच सिंहासनावर बसलेली. पोरगी तिच्यासमोर उभी राहते, कमरेच्या गाठोड्यात हात घालते आणि चाकू बाहेर काढते.

आणि लाइट गेली.

कूलर थांबला. पत्रा तापलेला होताच, तो आता वरून बोलायला लागला. सगळ्यांच्या तोंडून एकच उसासा निघाला. भाची रडकुंडीला येऊन म्हणाली, "आत्ताच जायचं होतं का हिला?" मला मात्र आभाळातून कुणीतरी माझ्यासाठी जहाज पाठवल्यासारखं झालं.

मी घसा साफ केला. "त्यात काय एवढं? पुढचं मी सांगतो."

"तुम्ही कुठं पाह्यलाय?" भाची म्हणाली.

"गोष्ट पहायला लागत न्हाई. गोष्ट आपल्या वाटनं जाती."

नात लगेच सरसावून बसली. "मी हूं देते आबा."

आणि मी सुरू झालो. उकाडा होता, माशा होत्या, पण माझ्या अंगात वारं शिरलं होतं. पोरीनं चाकू उगारला. हूं. राणी खदखदा हसली. हूं. म्हणाली, अशा किती पोरी आल्या न् गेल्या. हूं. मग मी राणीचं सगळं पूर्वायुष्य सांगितलं. ती लहानपणी साधी मिठाच्या आगरावर काम करणारी मुलगी होती, गावानं तिला पाणी दिलं नाही, तेव्हापासून तिनं पाण्याचा सूड धरला. मातीच्या राक्षसाला मी परत आणलं आणि त्याच्या पोटातलं गाव कुठलं ते सांगितलं. छत्रीवाल्या माशाला नदीचा दिवाण केलं. मोठा भाऊही कान देऊन ऐकत होता. लढाई झाली, राणीवर नदी कोसळली, आणि मिठाची असल्यामुळे राणी विरघळून गेली. यावर मी थोडा थांबलो. ही जागा टाळीची होती.

"आन बगळ्याचा पाय?" नातीनं विचारलं.

"राणीनं तो बरणीत घालून ठेवला होता. मिठात मुरायला."

"लोणच्यासारखा?"

"बराबर."

नातीनं तोंड वाकडं केलं. "ईई." आणि ती माझ्या मांडीवरून उतरून वहिनींकडे गेली. लोणचं घालण्यात चूक झाली हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी तसाच पुढं दामटलो. बगळ्याला पाय चिकटवला, नदी गावात आणली, गुढ्या उभारल्या. शेवटी गावच्या पाटलानं सगळ्यांना जमवून सांगितलं की बाबांनो, पाणी जपून वापरा.

हूं आला नाही.

मी वाट पाहिली. पत्रा कडकडला. बाहेर कुठंतरी शेळी ओरडली. मी भाचीकडे पाहिलं. तिनं गुडघ्यांभोवती हात बांधलेले होते.

"चांगलं सांगितलं मामा," ती म्हणाली. "सगळं बराबर लागलं."

"मंग?"

"मंग काय न्हाई. पिशवीवर छापा."

बायको पदर तोंडाला लावून हसली. भाऊ हसला नाही, पण त्यानं बाहेर बघितलं, ते हसण्याहून वाईट होतं. मी म्हणालो, तुम्हाला गोष्टीतलं काय कळतं. म्हणालो हळूच. एवढ्या वर्षांच्या दुपारी डोळ्यांसमोरून गेल्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी कुणीतरी एक शहाणा म्हातारा गावाला जमवून काहीतरी समजावत उभा होता.

लाइट आली. कूलर घरघरला. भाचीनं पिच्चर तिथंच आणून लावला, जिथं पोरीनं चाकू काढला होता. मी हाताची घडी घालून बसलो. मनात म्हणालो, आता बघू तुमचे जपानी काय दिवे लावतात.

पोरीनं चाकू काढला. मग गाठोड्यातून एक पेरू काढला. पेरूसारखंच काहीतरी होतं, तिकडं त्याला काय म्हणतात माहीत नाही. तिनं त्याचे दोन भाग केले आणि एक राणीपुढं धरला. राणी सिंहासनावरून उतरली, पायरीवर बसली आणि खायला लागली. दोघी खात बसल्या. थोड्या वेळानं राणी म्हणाली, नदी इथं आली होती, पण थांबली नाही. एवढंच. ना लढाई, ना सूड, ना शिक्षा. मी म्हणालो, "झालं? एवढ्यासाठी चाकू दाखवला व्हय?" भाचीनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

पोरगी रिकामी घागर घेऊन परत गावाला येते. कुणी तिला काही विचारत नाही. ती आपल्या नदीच्या जागी जाते. तिथं कोरडी वाळू. ती घागर खाली ठेवते, गुडघे टेकते आणि दोन्ही हातांनी वाळू उकरायला लागते.

गाणं नाही. बोलणं नाही. नुसता वाळूचा आवाज. कोपरापर्यंत हात आत गेला. ती थांबली आणि खड्ड्याकडे बघत बसली. बगळा शेजारी एका पायावर उभा. दोघं बघतायत. किती वेळ! इतर वेळी मी म्हणालो असतो, पिच्चर अडकला का बघा. पण माझे हात मांडीवर येऊन पडले होते. ती काय करतेय हे मला कळलं होतं. ती झिरा धरून बसली होती.

झिरा म्हणजे काय, हे आता आमच्या घरातल्या पोरांना माहीत नाही. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत हातानं खड्डा करायचा. आधी कोरडी वाळू निघते, मग गार लागते, मग तळाशी गढूळ पाणी जमतं. ते वाटीनं उपसून टाकायचं आणि थांबायचं. पुन्हा उपसायचं, पुन्हा थांबायचं. हळूहळू नितळ येतं. माझी बहीण, म्हणजे भाचीची आई, मोठा भाऊ आणि मी, तिघं एका खड्ड्याभोवती डोकी लावून बसायचो. मी तेव्हाही बडबड्या होतो, पण झिऱ्यापाशी माझ्याही तोंडातून शब्द निघत नसे. कुणी मना केलेलं नव्हतं. सगळं लक्ष त्या ओल्या होत जाणाऱ्या वाळूकडेच असायचं.

टीव्हीवर खड्ड्याच्या तळाची वाळू तशीच होती. पिवळी, कोरडी. आणि मग एका कडेनं तिचा रंग जरासा गडद झाला. बोटाएवढा. पाणी नाही, नुसती ओल.

"हूं," मी म्हणालो.

पिच्चर संपला. पांढऱ्यावर काळी नावं खालून वर जाऊ लागली. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते.

"मामा," भाची म्हणाली, "हूं दिला तुम्ही."

"कुठं? घसा खाकरला मी."

"घसा खाकरला की कसा आवाज येतो, मी लग्नापास्न ऐकून राह्यले," बायको म्हणाली. "हा हूं व्हता."

"आबांनी हूं दिला! आबांनी हूं दिला!" नात नाचायला लागली.

मी भावाकडे पाहिलं. तो तरी माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं. तो टीव्हीकडे बघत होता, जिथं आता फक्त नावं होती. "झिरा खांदला पोरीनं," तो म्हणाला. "तिकडं बी खांदतात व्हय?" आणि उठून बाहेर गेला.

अशी माझी दुपार गेली. ज्या नियमानं मी ती धरून ठेवली होती त्याच नियमानं गेली, आणि घालवणाराही मीच. विरोधी पक्षाच्या माणसानं सभागृहात चुकून सरकारच्या बाजूनं हात वर करावा तसं झालं. भाचीनं तिथल्या तिथं पुढच्या आखितीचा पिच्चर ठरवूनही टाकला. त्यात म्हणे एक बोलणारी चूल आहे.

संध्याकाळी नात मागं लागली. "आबा, आपण बी झिरा खांदू." मी म्हणालो, उद्या. ती म्हणाली, आत्ताच. बायको म्हणाली, जा, तेवढीच रसाची सुस्ती उतरंल. भाचीही मोबाइल घेऊन निघाली.

गावाखालची नदी तुम्हाला लांबून ओळखू येणार नाही. दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत आणि मधे रिकामं आहे, म्हणून ती नदी. वाळू बरीचशी ट्रॅक्टरनं गेलेली, उरलेल्यात दगड. दोन्ही काठांच्या शेतांत बोअर आहेत, एकापेक्षा एक खोल. मी एक बरी जागा बघून बसलो आणि उकरायला लागलो. नात दोन हातांनी वाळू मागं फेकत होती, त्यातली निम्मी माझ्या तोंडावर. आधी गुटख्याच्या पुड्या निघाल्या. मग चपलेचा एक पट्टा. मग बियाण्याच्या पिशवीचा एक तुकडा निघाला. त्यावर 'पाण्याच्या पाळ्या' एवढंच वाचता येत होतं, मजकूर माझाच असावा. कोपरापर्यंत हात गेला. वाळू गारसुद्धा लागेना.

"आलं का पाणी?" नातीनं वाकून पाहिलं.

"थांब," मी म्हणालो.

आम्ही थांबलो. इथं खरं तर बोलायला पुष्कळ होतं. नदी कुठं गेली, कुणी नेली, बोअर किती खोल गेले, आपण काय करायला पाहिजे. अख्खं भाषण माझ्या जिभेवर तयार होतं, शहाण्या म्हाताऱ्यासकट. पिच्चरवाल्यांनाही मला सुनावायचं होतं की बघा, तुमच्याकडे ओल येते, कारण तुमच्याकडे ती रंगवायची असते. पण नात खड्ड्यात डोकं घालून बसली होती, आणि तिच्या डोक्यावरून बोलणं जमेना. मी नुसता बसलो. ऊन बाभळींच्या मागं गेलं. वाळू तशीच होती.

भाची जरा बाजूला दगडावर बसून मोबाइल बघत होती. मग तिथूनच, मान वर न करता, ती म्हणाली,

"हूं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती बोटानं काहीतरी वर सरकवत होती. मला म्हणाली की मोबाइलला, विचारण्यात अर्थ नव्हता. विचारलं असतं तर म्हणाली असती, घसा खाकरला.

आम्ही हात झाडून घराकडे निघालो. वाटेत मी चप्पल काढली, वाळू झाडली, पुन्हा घातली. त्या जहाजाचा सगळा भाग कापून टाकला पाहिजे, हे माझं मत अजून कायम आहे. आणि बगळ्याच्या पायाचं त्यांनी सांगायलाच हवं होतं.